कळते ते वळायला किती वर्षे?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. बहुतेक पत्रांत कोणाचे ना कोणाचे आजारपण आहे, म्हणून नावे आणि गावे छापलेली नाहीत. विषय निरनिराळे असले, तरी पत्रे वाचताना मला एक धागा सारखा दिसत राहिला. वैद्यकशास्त्राला एखादी गोष्ट कळते कधी आणि खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला ती वळते कधी, यांत कित्येकदा वर्षानुवर्षे जातात. हे अंतर मोजणे आणि कमी करणे, हाच आजच्या पुष्कळशा चांगल्या संशोधनाचा विषय आहे.

प्रश्न : माझी दोन्ही मुले तान्ही असताना त्यांना पालथे झोपवावे, म्हणजे दूध उलटले तरी ते श्वासनलिकेत जाणार नाही, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले होते आणि मी ते मनोभावे पाळले. आता नात झाली आहे. सून तिला उताणीच झोपवते आणि मी पालथे केले की घाबरून लगेच सरळ करते. तिलाही हे डॉक्टरांनीच सांगितले आहे. सल्ला असा पार उलटा होत असेल, तर विश्वास कशावर ठेवायचा? — एक आजी

उत्तर : आजी, आपली सून करते आहे ते बरोबर आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. बाळ एक वर्षाचे होईपर्यंत त्याला प्रत्येक झोपेसाठी, दिवसाच्या डुलकीसाठीसुद्धा, पाठीवर आणि सपाट, घट्ट अंथरुणावर झोपवावे. त्याच्याजवळ उशी किंवा मऊ दुलई ठेवू नये. बाळ जागे असेल आणि कोणी तरी समोर बसलेले असेल, तेव्हा त्याला पोटावर खुशाल खेळवावे. त्याने मान आणि खांदे बळकट होतात.

आपल्याला मिळालेला सल्ला कोणी हलगर्जीपणाने दिला नव्हता. त्यामागे एक तर्क होता आणि तो ऐकायला पटणारा होता. उणीव एवढीच होती, की तो तर्क कोणी पडताळून पाहिलेला नव्हता. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला येते, त्यामुळे वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर चढून जावे लागते. पालथ्या बाळात हीच रचना उलटी होते. म्हणजे ज्या भीतीपोटी बाळे पालथी झोपवली गेली, ती भीती शरीररचनेच्या हिशेबानेही खरी नव्हती. झोपेत अचानक दगावलेली बाळे आणि त्याच वयाची सुखरूप बाळे यांची तुलना जेव्हा झाली, तेव्हा दगावलेल्यांमध्ये पालथी झोपवलेली बाळे वारंवार जास्त आढळली. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि अशा आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले.

यापुढचा भाग मला नेहमी अस्वस्थ करतो. २००५ साली काही संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. पालथ्या झोपेचा धोका १९७० च्या सुमारासच दिसू शकला असता, आणि तो तेव्हाच ओळखला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक बाळे वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज निघाला. माहिती विखुरलेली होती, ती एकत्र करून पाहणारे कोणी नव्हते. आज एखाद्या प्रश्नावरचे जगभरातले सगळे अभ्यास पद्धतशीरपणे गोळा करून त्यांचा एकत्रित निष्कर्ष काढण्याची जी शाखा उभी राहिली आहे, तिच्यामागे अशा अनुभवांचा मोठा वाटा आहे.

विश्वास कशावर ठेवायचा, याचे माझे उत्तर असे, की सल्ला बदलला म्हणून तो देणाऱ्यावरचा विश्वास काढून घेऊ नका. तो कशामुळे बदलला एवढे विचारा. ‘आम्ही तुलना करून पाहिली आणि हे दिसले’ असे उत्तर मिळाले, तर नवा सल्ला जुन्यापेक्षा भक्कम पायावर उभा आहे. आणि आपण स्वतःला दोष लावून घेऊ नका. आपण त्या वेळी मिळालेले सर्वांत चांगले ज्ञान आपल्या मुलांसाठी वापरले होते.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला बाळंतपणानंतर इतका रक्तस्राव झाला, की ती जेमतेम वाचली. ‘सुरुवातीला फारसे वाटले नाही,’ असे तेथील डॉक्टर नंतर म्हणाले. रक्तस्राव थांबवायची औषधे तर आहेत, मग अजून बायका यात का दगावतात? या विषयात काही नवे संशोधन होत आहे का? — एक वाचक भगिनी

उत्तर : होत आहे, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या सर्वांत मोलाच्या संशोधनांमध्ये त्याची गणना व्हायला हवी. ‘सुरुवातीला फारसे वाटले नाही’ हे जे वाक्य आपण लिहिले आहे, नेमके त्याच ठिकाणी ते येऊन भिडते.

मी स्वतः प्रशिक्षणात असतानाची एक रात्र सांगतो. मध्यरात्र उलटून गेली होती. बाळ रडले, वार पूर्ण पडली, बाळंतीण थकून डोळे मिटून पडली होती. वरिष्ठांनी फोनवर विचारले, ‘रक्त किती गेले?’ मी खालच्या कापडांकडे एक नजर टाकली आणि म्हणालो, ‘तीनशे, फार तर साडेतीनशे.’ शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी भिजलेली कापडे गोळा केली, बाळाच्या वजनकाट्यावर ठेवली आणि तितक्याच कोरड्या कापडांचे वजन त्यातून वजा केले. काटा आठशे ग्रॅमच्या पुढे होता. रक्ताच्या एका मिलिलिटरचे वजन साधारण एक ग्रॅम भरते, त्यामुळे हिशेब तोंडीच होण्यासारखा होता. पाचशे मिलिलिटर रक्त गेले की ज्याला आम्ही अतिरक्तस्राव म्हणायला शिकलो होतो, तो माझ्या डोळ्यांसमोर होऊन गेला होता आणि मला दिसला नव्हता. ती बाई वाचली, ती त्या सिस्टरांमुळे.

रक्त कापडात मुरते, पाण्यात मिसळते, जमिनीवर पसरते, आणि पाहणारे डोळे जितके जास्त रक्त तितका कमी अंदाज करतात. बाळंतीण तरुण असते, गरोदरपणात शरीरातले रक्त वाढलेले असते, त्यामुळे नाडी आणि रक्तदाब बराच वेळ तग धरून राहतात आणि मग एकाएकी कोसळतात. औषधे कपाटात असतात, पण ती काढायची वेळ झाली आहे हे कळायलाच उशीर होतो. जगभरात दरवर्षी सुमारे सत्तर हजार स्त्रिया बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने मरण पावतात, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या बाबतीत औषध शोधून काढायचे राहिलेले नव्हते.

ई-मोटिव्ह या नावाची चाचणी याच मुद्द्यावर बेतलेली होती. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतली ८० रुग्णालये आणि दोन लाख दहा हजारांहून अधिक बाळंतपणे तिच्यात होती; निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. बाळंतिणीच्या खाली प्लास्टिकची एक चादर अंथरायची. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी असते, ती खाटेच्या कडेने खाली लोंबते आणि रक्त तिच्यात जमा होते. पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा असतात. रक्त पाचशेच्या रेघेला पोचले, किंवा तीनशेला पोचले आणि नाडी अथवा रक्तदाब बिघडलेला दिसला, की तेथे असलेल्या परिचारिकेने वा डॉक्टरने कोणाची वाट न पाहता सगळे उपचार एका दमात सुरू करायचे. म्हणजे गर्भाशय चोळणे, ते आकुंचन पावावे म्हणून ऑक्सिटोसिनसारखे औषध देणे, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव रोखणारे औषध आणि सलाइन शिरेतून सोडणे, रक्त कोठून येत आहे ते तपासणे आणि रक्त थांबत नसेल तर वरिष्ठांना बोलावणे. पूर्वी यांतला एकेक उपाय करून ‘बघू या थांबते का’ असे म्हणत पुढच्याकडे जाण्याची रीत होती, आणि त्यातच मोलाची मिनिटे जात.

तुलनेसाठीच्या रुग्णालयांतही रक्त गोळा करायला पिशवी लावलेली होती, फक्त तिच्यावर रेघा नव्हत्या. या बिनरेघांच्या पिशव्यांच्या रुग्णालयांत ज्यांना अतिरक्तस्राव झाला, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांचा तो ओळखलाच गेला नाही. रेघा असलेल्या ठिकाणी शंभरातल्या ९३ जणींचा ओळखला गेला. एक लिटरहून अधिक रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागलेली शस्त्रक्रिया किंवा रक्तस्रावाने मृत्यू, यांपैकी काही तरी घडण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत शंभर बाळंतपणांमागे ४.३ होते, नव्या पद्धतीत ते १.६ झाले. ही घट मुख्यतः एक लिटरहून अधिक रक्तस्रावाची आहे. दोन्ही गटांत मृत्यू, सुदैवाने, इतके थोडे झाले, की केवळ मृत्यूंवरून ठाम विधान करता येत नाही. तेवढे भान ठेवूनही मी म्हणेन, की एका नव्या रेणूचाही शोध न लावता मिळालेले एवढे मोठे यश वैद्यकात विरळाच.

नुसत्या रेघांनी मात्र हे झाले नाही. प्रत्येक रुग्णालयात लेबर रूममध्येच, नेहमीच्या माणसांना एकत्र घेऊन, खोटी बाळंतीण समोर ठेवून सराव करून घेतला गेला. सगळी औषधे एकाच पेटीत किंवा ट्रॉलीवर ठेवली गेली, म्हणजे एक कपाटात, दुसरे फ्रीजमध्ये आणि तिसऱ्याची किल्ली घरी गेलेल्या माणसाच्या खिशात, असे होऊ नये. आपल्या विभागात काय सुधारले आणि काय राहिले, याचे आकडे कर्मचाऱ्यांना नियमित दाखवले गेले. प्रशिक्षण म्हणजे सभागृहातले व्याख्यान आणि शेवटी प्रमाणपत्र, या समजुतीला मी अनेक वर्षे विरोध करत आलो आहे. हाताला सवय लागते ती जिथे काम करायचे तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अखेरीस ही पद्धत स्वीकारावी असे सांगितले आणि २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत तीनशे मिलिलिटर अधिक बिघडलेली नाडी वा रक्तदाब, एवढ्यावरच हालचाल सुरू करण्याचा निकषही घातला.

या उपचारांतल्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची हकीकतही आपल्याला सांगायला हवी. जपानमधील उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी हे औषध शोधले आणि १९६२ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर दगावणाऱ्या स्त्रियांसाठी ते वापरून पाहावे ही उताकोबाईंची मनापासूनची इच्छा होती, पण तेथील प्रसूतितज्ज्ञांना चाचणी करण्यासाठी त्या राजी करू शकल्या नाहीत. वीस हजारांहून अधिक स्त्रियांवरची ती चाचणी अखेर झाली आणि तिचा निष्कर्ष २०१७ साली आला. तीन तासांच्या आत औषध दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतात. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी निवर्तल्या होत्या. औषध हाती आल्यापासून पंचावन्न वर्षे गेली. त्या वर्षांत किती बाळंतिणी गेल्या असतील, याचा विचार मनातून लवकर जात नाही.

आपल्या बहिणीला पुन्हा दिवस राहिले, तर आधीचा हा रक्तस्राव पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावा आणि रक्त मोजण्याची व देण्याची सोय असलेल्या ठिकाणीच बाळंतपण करावे. एकदा अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीला तो पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

प्रश्न : वडिलांच्या लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. अँटिबायोटिकचा कोर्स चौदा दिवसांचा असेल असे आम्ही धरून चाललो होतो, पण डॉक्टरांनी सातव्या दिवशी बंद केला. अर्धवट कोर्सने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, असे आम्ही आजवर ऐकत आलो. मग हे योग्य झाले का? — एक मुलगा

उत्तर : आपण वर्णन केलेल्या परिस्थितीत योग्य झाले असण्याचीच शक्यता अधिक आहे. चौदा दिवस हा आकडा कोठून आला, याचा मागोवा घेतला तर फारसे काही हाती लागत नाही. आठवड्यांच्या हिशेबाने मोजायची आपली सवय एवढेच त्याचे मूळ दिसते. रक्तातल्या जंतुसंसर्गासाठी सात दिवस की चौदा, याची थेट तुलना बॅलन्स नावाच्या चाचणीत झाली. सात देशांतल्या ७४ रुग्णालयांमधल्या ३,६०८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. नव्वद दिवसांत सात दिवसांच्या गटातले १४.५ टक्के आणि चौदा दिवसांच्या गटातले १६.१ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे सात दिवसांचा कोर्स कोठेही उणा पडला नाही. हा निष्कर्ष २०२४ सालचा आहे. मात्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा संसर्ग, हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले रुग्ण, प्रतिकारशक्ती फारच खालावलेले रुग्ण, शरीरात खोलवर साठलेला पू, अशांना या चाचणीत घेतलेले नव्हते, आणि त्यांना हा हिशेब लावू नये.

‘अर्धवट कोर्स’ या शब्दातच थोडी फसगत आहे. औषध आपण गिळतो ते एका जंतूसाठी, पण ते आतड्यातल्या आणि त्वचेवरच्या असंख्य निरुपद्रवी जिवाणूंनाही लागते. औषध जितके दिवस चालू, तितके दिवस त्यांच्यातल्या दाद न देणाऱ्यांना फोफावायला मोकळे रान मिळते. गरजेपेक्षा लांबलेला कोर्स औषधाला दाद न देणारे जंतू कमी करत नाही, वाढवतो. २०१९ या एका वर्षात अशा जंतूंमुळे थेट ओढवलेल्या मृत्यूंचा जागतिक अंदाज १२ लाख ७० हजारांचा आहे, त्यामुळे वाचवलेला प्रत्येक दिवस मोलाचा आहे.

यावरून कोणीही आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. क्षयरोगाच्या बाबतीत तर हा विचारही मनात आणू नये. त्याचे जंतू सावकाश वाढतात, काही तर नुसते निपचित पडून राहतात, म्हणून महिनोन्‌महिने उपचार लागतात आणि मध्येच सोडले तर आजार अधिक बिकट होऊन उलटतो. तेथेही कालावधी कमी झाला आहे, पण तो चाचण्यांमधून. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी पूर्वी दीड वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ उपचार चालत. २०२२ पासून पुष्कळ रुग्णांसाठी सहा महिन्यांच्या नव्या औषधयोजनेची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. वडिलांना पुन्हा ताप, थंडी किंवा गुंगी वाटली तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : ‘अमुक औषधाने धोका निम्मा होतो’ अशा बातम्या येतात. ते औषध मागून घ्यावे का? — एक वाचक

उत्तर : निम्मा म्हणजे कितीचा निम्मा, हे आधी विचारावे. शंभरातल्या वीस जणांना होणारा आजार दहा जणांवर आला, तरी निम्मा. दहा हजारांतल्या दोघांचा एकावर आला, तरी निम्माच. दुप्पट या शब्दाचेही तसेच आहे. १९९५ साली ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो असा इशारा दिला गेला. प्रत्यक्षात तो सात हजारांत एकावरून सात हजारांत दोनवर गेला होता. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात अधिक झाले. गुठळीचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो.

प्रश्न : मुलगी निवासी डॉक्टर आहे. चोवीस तास, कधी त्याहून अधिक काळ सलग ड्यूटी असते. घरी येते तेव्हा तिला बोलायचेही त्राण नसते. ‘आम्हीही असेच शिकलो’ असे तिचे वरिष्ठ म्हणतात. इतक्या थकलेल्या डॉक्टरांच्या हाती रुग्ण सुरक्षित असतो का? यावर कोणी अभ्यास केला आहे का? — एक आई

उत्तर : केला आहे, आणि त्याचे निष्कर्ष कोणत्याही एका बाजूला पूर्ण समाधान देणारे नाहीत. तरी ते जसे आहेत तसे मांडतो.

अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत २००४ साली झालेल्या अभ्यासात, चोवीस तास वा अधिक सलग ड्यूटी करणाऱ्या नवशिक्या डॉक्टरांच्या हातून, सोळा तासांची मर्यादा असलेल्यांच्या तुलनेत, ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्या. एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण याच संशोधकांनी मुलांच्या सहा अतिदक्षता विभागांत हाच प्रयोग पुन्हा केला. २०२० साली प्रसिद्ध झालेला त्याचा निकाल उलटा होता. ड्यूटी लहान केल्यावर चुका वाढल्या होत्या. बारकाईने पाहिल्यावर कारण सापडले. तास कमी केले, पण माणसे वाढवली नाहीत, त्यामुळे एकेका डॉक्टरवर रुग्णांचा भार वाढला. तो भार हिशेबात धरला तेव्हा दोन्ही पद्धतींतला फरक नाहीसा झाला. ताजेतवाने डॉक्टर हवेत, पण ते पुरेसेही हवेत, हे या दोन्ही अभ्यासांतून मला स्पष्ट दिसते. कागदावर तास कमी करून मोकळे होणारे प्रशासन आणि ‘आम्हीही असेच शिकलो’ म्हणणारे वरिष्ठ, दोघेही प्रश्नाच्या अर्ध्याच भागाकडे पाहतात.

ड्यूटी लहान झाली की रुग्ण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती अधिक वेळा जातो आणि त्या सोपवण्यात गोष्टी निसटतात. त्यावरही उपाय सापडला आहे. रुग्ण किती गंभीर आहे, थोडक्यात हकीकत काय, कोणती कामे बाकी आहेत, अमुक झाले तर काय करायचे, आणि ऐकणाऱ्याने हे सगळे परत बोलून दाखवायचे, अशा ठरावीक क्रमाने सोपवणी करायला शिकवल्यावर नऊ रुग्णालयांत वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. २०१४ सालचा हा अभ्यास आहे. परत बोलून दाखवण्याचा शेवटचा भाग तरुण डॉक्टर हमखास गाळतात. आपल्या मुलीला एवढे जरूर सांगा.

आणखी एक गोष्ट मी आपल्याला आई म्हणून सांगतो. सलग लांब ड्यूटी संपवून स्वतः गाडी चालवत घरी निघालेल्या निवासी डॉक्टरांना अपघात होण्याची शक्यता, नेहमीच्या ड्यूटीनंतरच्या तुलनेत, दुपटीहून अधिक असल्याचे २००५ सालच्या अभ्यासात आढळले. तिच्या ड्यूटीचे तास आपल्या हातात नाहीत, पण त्या सकाळी तिने गाडी चालवायची नाही, हे घरात ठरवता येईल. शक्य असेल तर कोणी तरी आणायला जा, नाही तर तासभर तिथेच झोपून मग निघायला सांगा.

प्रश्न : मी वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता एक्स-रे आणि स्कॅन आमच्याहून लवकर वाचते. मग ते वाचायला शिकण्यात आम्ही इतकी वर्षे का घालवावीत? — एक विद्यार्थी

उत्तर : आपला प्रश्न प्रामाणिक आहे. यंत्राची बाजू आधी सांगतो. स्वीडनमध्ये ऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांच्या स्तनतपासणीत एका गटाचे फोटो नेहमीप्रमाणे दोन तज्ज्ञांनी वाचले आणि दुसऱ्या गटात यंत्राची मदत घेतली. यंत्राच्या गटात तज्ज्ञांचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले, आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण हजारी ६.१ होते, तर दुसऱ्या गटात ५.१. ज्या ठिकाणी तज्ज्ञ अपुरे आहेत, तिथे ही मदत नाकारणे मला योग्य वाटत नाही.

आता दुसरा अभ्यास पाहा. पोलंडमधल्या चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना मदतीसाठी यंत्र दिले होते; ते पडद्यावर संशयास्पद गाठीभोवती चौकट काढते. यंत्र येण्याआधी हे डॉक्टर शंभरातल्या २८.४ तपासण्यांत गाठी शोधत. यंत्राची सवय झाल्यावर, ज्या तपासण्यांत ते बंद होते, त्यांत हे प्रमाण २२.४ वर आले. २०२५ साली हे प्रसिद्ध झाले. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून हा पुरावा अंतिम मानू नये, पण तो दुर्लक्षिण्यासारखाही नाही. हे सगळे मुरलेले डॉक्टर होते. ज्यांनी ते कसब अजून कमावलेलेच नाही, त्यांचे काय होईल, याची काळजी मला त्या आकड्यांपेक्षा अधिक वाटते. यंत्र चुकले आहे हे ओळखायला कोणाला तरी ते काम यंत्राशिवाय येत असावे लागते.

एक सवय आजपासून लावून घ्या. एक्स-रे समोर आला की यंत्राचे मत उघडण्याआधी आपले मत वहीत लिहा. काय दिसते, कोठे दिसते आणि किती खात्री आहे, एवढे तीन ओळींत. मग यंत्राचे मत पाहा, मग शिक्षकांचे, आणि शेवटी काही दिवसांनी त्या रुग्णाचे प्रत्यक्ष निदान काय ठरले ते त्याच पानावर नोंदवा. अशी दोनशे पाने झाली, की कोणत्या सावल्या आपल्याला फसवतात आणि कोणत्या यंत्राला, हे आपल्याच अक्षरात आपल्यासमोर असेल. ती वही भरली की मला जरूर कळवा.